पुरावा कोणी द्यायचा? शौर्यपदक, हरवलेली नोंद आणि मेरिटचं ढोंग

दरवर्षी डिसेंबर संपत आला की सोशल मीडियावर एक ठरलेला प्रश्न फिरू लागतो. "एवढे शूर होतात तर पदकं किती मिळाली? नावं दाखवा, कागद दाखवा." विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, त्याला आपल्याला गप्प करायचं असतं. पण त्या प्रश्नाच्या पोटात एक गृहीतक दडलेलं आहे आणि आपली शिकलेली पोरंही ते नकळत मान्य करून बसतात. गृहीतक असं की सरकारी यादी म्हणजे शौर्याची मोजपट्टी. ज्याचं नाव यादीत आहे तो शूर, ज्याचं नाही तो नुसता पगारी शिपाई.

हेच मेरिटचं तत्त्वज्ञान. परीक्षेची यादी, नोकरीची यादी, पुरस्काराची यादी. यादी आकाशातून पडते, ती कोणी लिहिलेली नसते, असं समजून बोलायचं. म्हणून आज मी यादीबद्दलच बोलणार आहे. सैनिकाने लढाईत मिळवलेलं पदक त्याच्या सेवा-नोंदीतून गायब कसं होतं, ते परत लिहून घ्यायला काय करावं लागतं आणि त्यात पुराव्याचं ओझं कोणाच्या डोक्यावर ठेवलं जातं, हा विषय आहे. उदाहरण अमेरिकेचं घेतो, कारण तिथे हा झगडा कागदोपत्री, तारीखवार उपलब्ध आहे. आणि कृष्णवर्णीयांचा लढा आपल्याला परका नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या निवेदनाची प्रत मागितली होती. १९७२ साली आपल्या पोरांनी संघटनेला 'पँथर' हे नाव घेतलं तेही तिथूनच.

दहा लाखांत एकही शूर नव्हता?

दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय अमेरिकन सैन्यदलांत होते. त्या युद्धासाठी अमेरिकेने आपलं सर्वोच्च शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, चारशेहून अधिक जणांना दिलं. त्यातले कृष्णवर्णीय किती? शून्य. युद्ध संपल्यावर जवळपास अर्धशतक ती यादी तशीच राहिली.

मेरिटवाल्याला विचारा, या शून्याचा अर्थ काय? दोनच उत्तरं शक्य आहेत. एक, दहा लाख माणसांत एकही शूर नव्हता. दोन, यादी लिहिणारा हात तपासायला हवा. पहिलं उत्तर तोंडावर द्यायला त्यालाही लाज वाटेल. म्हणजे दुसरं उरतं. आणि एकदा दुसरं मान्य केलं की जगातली कुठलीच यादी 'शुद्ध गुणवत्तेची' म्हणून आपल्या तोंडावर फेकता येत नाही.

पदक हरवतं कसं

पदक म्हणजे छातीवरचा धातूचा तुकडा, हा गैरसमज आधी काढून टाका. पदक म्हणजे एक फाईल. लढाई होते. कोणीतरी वरिष्ठाने ठरवावं लागतं की या माणसाने जे केलं ते नेहमीच्या कर्तव्यापलीकडचं होतं. मग तो शिफारस लिहितो, साक्षीदारांचे जबाब जोडतो. कागद बटालियनकडून रेजिमेंटकडे, तिथून डिव्हिजनकडे, तिथून आणखी वर जातो. मंजुरीचा आदेश निघतो. तो आदेश सैनिकाच्या वैयक्तिक फाईलमध्ये लागतो. शेवटी तो सैन्यातून बाहेर पडताना मिळणाऱ्या सेवामुक्तीच्या कागदावर त्या पदकाची एक ओळ येते. गेली अनेक दशकं अमेरिकेत या कागदाला डीडी-२१४ म्हणतात.

या साखळीत किती माणसं आली मोजा. प्रत्येक ठिकाणी एक टेबल आहे आणि टेबलामागे एक माणूस आहे. एकाने शिफारस लिहायचा कंटाळा केला, दुसऱ्याने 'यांना एवढं मोठं पदक कशाला' म्हणून एक पायरी खाली आणलं, तिसऱ्याने फाईल कपाटात ठेवली, चौथ्याने टाइप करताना ओळ गाळली. यातल्या एकानेही उघडपणे शिवी दिली नाही. तरी शेवटी कागद कोरा. भेदभाव नेहमी आरडाओरडा करत येत नाही. बहुतेक वेळा तो कार्यालयीन वेळेत, शांतपणे, सही-शिक्क्यासह येतो.

त्याच्याही आधीची एक पायरी आहे: लढायला कोणाला पाठवायचं? वेगळ्या पलटणींच्या त्या काळात बहुसंख्य कृष्णवर्णीय सैनिक सामान वाहणाऱ्या, रस्ते बांधणाऱ्या, ट्रक चालवणाऱ्या, प्रेतं पुरणाऱ्या तुकड्यांत ठेवले गेले. कामाची ही वाटणी वाचून आपल्याला काही आठवत नसेल तर नवल. मग १९४३ साली लढणाऱ्या पायदळासाठी कॉम्बॅट इन्फंट्रीमन बॅज सुरू झाला. नियम कागदावर सगळ्यांना सारखा: पायदळात असाल, शत्रूशी प्रत्यक्ष लढला असाल, तर बॅज. पण पायदळात येऊच दिलं नाही तर सारखेपणाचा उपयोग काय? शर्यतीत उतरू द्यायचं नाही आणि निकालाच्या दिवशी 'तुमचा नंबर कुठे आहे' विचारायचं, ही युक्ती आपल्याला पाठ आहे.

याहून बोलकं प्रकरण पुढचं आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युरोपात अमेरिकेचं पायदळ कमी पडू लागलं. तेव्हा मागच्या कामांतल्या कृष्णवर्णीयांना 'स्वेच्छेने लढायला या' असं आवाहन झालं. अट अशी की हवालदार-सार्जंटचे पट्टे उतरवून साध्या शिपायाच्या पदावर यायचं, म्हणजे गोऱ्या शिपायावर हुकूम चालवायची वेळ येणार नाही. तरीही दोन हजारांहून अधिक जण पट्टे उतरवून गेले. गोऱ्या कंपन्यांना जोडलेल्या प्लाटूनांत राहून जर्मनीत लढले, मेले, जखमी झाले. युद्ध संपताच या प्लाटून मोडल्या आणि माणसं पुन्हा जुन्या कामांच्या तुकड्यांत ढकलली गेली. त्यातल्या अनेकांच्या सेवामुक्तीच्या कागदावर पायदळातल्या लढाईची नोंदच आली नाही. कागद म्हणत होता, हा माणूस सामान वाहत होता.

आता एका बॅजने काय बिघडतं असं कोणी म्हणेल. १९४७ साली अमेरिकन सैन्याने ठरवलं की महायुद्धात ज्यांना हा बॅज मिळाला त्यांना त्या आधारे ब्रॉन्झ स्टार पदकही द्यायचं. म्हणजे पहिली ओळ गाळली की दुसरी आपोआप गळते. नोंदीतली चूक एकटी राहत नाही, ती पिलं घालते. ज्याच्या बापाच्या सातबाऱ्यावर नाव चढलं नाही त्याला पुढच्या तीन पिढ्यांत काय काय मिळत नाही, हे गावाकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आग सगळ्यांची, राख कोणाच्या वाट्याला?

१२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस इथल्या राष्ट्रीय सैनिक-नोंद केंद्राला आग लागली. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाईली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या थलसैनिकांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यात गेल्या. दुसऱ्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती.

आग कोणाची जात-वंश पाहून लागली नाही, हे खरं. पण समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून माझा प्रश्न पुढचा आहे. आगीनंतर कोण सावरलं? ज्याचा जुना कमांडर आता मोठ्या हुद्द्यावर आहे, ज्याच्या घरात पत्रं जपून ठेवायला कपाट आहे, ज्याला वकील ओळखीचा आहे, त्याने दुसऱ्या मार्गाने नोंद उभी केली. ज्याच्याकडे सरकारी फाईल सोडून दुसरं काहीच नव्हतं त्याचं सगळं गेलं. अपघात समान असतो, भरपाई समान नसते. वस्तीला आग लागली की पंचनाम्यात कोणाच्या घरातलं काय जळालं हे कसं लिहिलं जातं ते पाहिलंय ना आपण?

वेव्हर्ली वुडसन यांचं प्रकरण घ्या. ६ जून १९४४, नॉर्मंडीचा ओमाहा किनारा. वुडसन हे कृष्णवर्णीय ३२०व्या बॅरेज बलून बटालियनचे वैद्यकीय सैनिक. किनाऱ्यावर उतरतानाच तोफगोळ्याचे तुकडे लागले. त्या अवस्थेत त्यांनी सुमारे तीस तास जखमींवर उपचार केले आणि दोनशेच्या आसपास माणसांना हात दिला. शिफारस मोठ्या पदकाची झाली होती, वाट्याला आला ब्रॉन्झ स्टार. त्यांची फाईल १९७३ च्या आगीत गेली. पुढे पत्रकार लिंडा हर्व्यू यांना त्या काळच्या सरकारी पत्रव्यवहारात एक टिपण सापडलं. वुडसन मेडल ऑफ ऑनरला पात्र आहेत असं मत तेव्हा वरच्या पातळीवर झालं होतं, असं त्यातून दिसलं. एवढं असूनही मूळ कागद नाहीत म्हणून वर्षानुवर्षं अडवणूक झाली. वुडसन २००५ साली वारले. त्यांच्या पत्नीने लढा सोडला नाही. २०२४ साली, किनाऱ्यावरच्या त्या दिवसाला ८० वर्षं होत असताना, डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मंजूर झाला. तोही सर्वोच्च पदकाच्या एक पायरी खालचा.

आणि प्रत्येक वेळी आगच लागावी लागते असंही नाही. कॅप्टन पॅरिस डेव्हिस, व्हिएतनाम, जून १९६५. स्वतः जखमी असताना गोळीबारात पडलेल्या साथीदारांना ओढून आणलं. मेडल ऑफ ऑनरची शिफारस झाली, कागद गायब. चौकशी झाली, पुन्हा कागद पाठवले; पुन्हा गायब. २०२३ च्या मार्चमध्ये पदक मिळालं तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. एकदा हरवलं तर योगायोग म्हणू. दोनदा हरवतं तेव्हा त्याला कार्यपद्धती म्हणतात.

'आम्ही बरोबरच असतो' असं कायद्याने मानणारं कार्यालय

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अमेरिकेत नोंद दुरुस्त करायला व्यवस्था आहे, आणि ती आहे हे मान्य करायला हवं. साधी चूक असेल तर नोंद केंद्राकडे अर्ज करायचा. चूक पटली तर डीडी-२१५ नावाचा दुरुस्तीचा कागद निघतो. तिथे काम झालं नाही तर सैनिकी नोंदी दुरुस्त करणारं मंडळ आहे, त्यात नागरी सदस्य बसतात. तिथे फॉर्म १४९ भरायचा. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायाच्या हितासाठी मंडळ ती माफ करू शकतं. शिफारसच तेव्हा झाली नसेल तर लोकप्रतिनिधीमार्फत उशिरा शिफारस करण्याचीही कायद्यात सोय आहे.

पण मंडळ कामाला कुठून सुरुवात करतं ते पाहा. सुरुवात होते एका गृहीतकापासून: कार्यालयाने त्या वेळी आपलं काम नियमानुसारच केलं होतं. चूक झाली हे सिद्ध करायचं ओझं अर्जदारावर. म्हणजे फाईल सरकारने ठेवायची, सरकारच्या ताब्यात असताना ती हरवायची किंवा जळायची, आणि ती होती हे ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने किंवा त्याच्या विधवेने सिद्ध करायचं!

मित्रांनो, हे वाक्य वाचताना जात पडताळणी समितीची पायरी आठवली नाही असा आपल्यात कोणी असेल का? महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्यात, म्हणजे २००१ च्या अधिनियम २३ मध्ये, कलम ८ नुसार पुराव्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणा. कोणी आणायचा? ज्याच्या आज्याला शाळेच्या दारात उभं केलं नाही त्याने आज्याचा शाळेचा दाखला आणायचा. ज्याच्या नावावर कधी जमीन होऊ दिली नाही त्याने महसुली उतारा आणायचा. आधी नोंदीतून बाहेर ठेवायचं, मग नोंद नाही म्हणून हक्कातून बाहेर ठेवायचं. अमेरिकेतल्या त्या सैनिकाचं आणि नांदेडच्या किंवा वाशीमच्या विद्यार्थ्याचं दुखणं एकच आहे.

साक्षीतही हेच. ७६१वी टँक बटालियन ही कृष्णवर्णीय तुकडी. तिला राष्ट्राध्यक्षांचं तुकडी-सन्मानपत्र मिळालं १९७८ साली, युद्धानंतर ३३ वर्षांनी. तिचा सार्जंट रुबेन रिव्हर्स नोव्हेंबर १९४४ मध्ये फ्रान्समध्ये मारला गेला. पाय जखमी असूनही त्याने मागे जायला नकार दिला होता. त्याचा गोरा कॅप्टन डेव्हिड विल्यम्स पुढची अनेक दशकं सांगत राहिला की मी शिफारस केली होती, तिचं काय झालं? विल्यम्स यांच्या प्रामाणिकपणाला सलाम. पण विचार करा, ज्याच्या बाजूने असा गोरा कॅप्टन उभा राहिला नाही त्याचं काय झालं असेल? सहकारी कृष्णवर्णीय शिपायांनीही ते पाहिलंच होतं की. त्यांचं पाहणं पाहण्यात धरलं गेलं नाही.

कोरा कागद हाच पुरावा

ही कोंडी फुटली कशी? एकेका अर्जाने फुटली नाही. १९९३ साली सैन्याने शॉ विद्यापीठाला अभ्यास करायला सांगितलं: दुसऱ्या महायुद्धात कृष्णवर्णीयांना एकही मेडल ऑफ ऑनर का मिळालं नाही? संशोधकांनी त्या काळच्या वांशिक वातावरणाकडे बोट दाखवलं आणि दहा सैनिकांची नावं पुढे केली. १३ जानेवारी १९९७ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सात जणांना पदक दिलं. रुबेन रिव्हर्स त्यांपैकी एक. सातांतला हयात फक्त एक होता: व्हर्नन बेकर, वय ७७, एप्रिल १९४५ च्या इटलीतल्या लढाईसाठी.

या घटनेतली नुसती भावुक बाजू धरून बसू नका. तिच्यातलं तर्कशास्त्र पकडा, ते आपल्या कामाचं आहे. तोवर प्रश्न असा विचारला जात होता: 'अर्जदारा, तुझा कागद कुठे आहे?' शॉच्या अभ्यासाने प्रश्न उलटा केला: 'कार्यालया, दहा लाख माणसांत तुझ्याकडे एकही कागद का नाही?' एका माणसाची फाईल कोरी असेल तर तो त्याचा प्रश्न समजला जातो. एका समूहाची सगळी फाईल कोरी असेल तर तो कोरेपणा हाच कार्यालयाविरुद्धचा पुरावा आहे. पुराव्याचं ओझं अर्जदाराच्या डोक्यावरून उचलून कार्यालयाच्या डोक्यावर ठेवणं, ही त्या सात पदकांमागची खरी जीत आहे. त्याच वाटेने पुढे आशियाई वंशाच्या सैनिकांच्या नोंदींचा फेरआढावा झाला आणि २००० साली २२ जणांना पदकं मिळाली. १९१८ साली फ्रान्समध्ये लढलेल्या हेन्री जॉन्सनला फ्रान्सने तेव्हाच शौर्यपदक दिलं होतं. तो १९२९ साली मेला आणि त्याच्या देशाने सर्वोच्च पदक दिलं २०१५ मध्ये.

आरक्षणावर, रिक्त जागांच्या अनुशेषावर, विद्यापीठातल्या प्राध्यापक भरतीवर बोलताना हाच प्रश्न विचारायला शिका. 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा एकदा समजू शकतो. वर्षानुवर्षं तोच शेरा येत असेल तर निवड समितीची पात्रता तपासा.

आपली नोंद

आता घराकडे वळू. कोरेगावचा स्तंभ आपण वंदन करण्याची जागा मानतो. मी त्याला एक दस्तऐवजही मानतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या सैनिकांची नावं त्यावर कोरली आहेत. ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. एवढ्या दोन अक्षरांनी पुढची दोनशे वर्षं वाद जिंकला. इंग्रज कारकुनाने ही नावं गाळली असती किंवा 'आणि इतर शिपाई' एवढंच लिहिलं असतं तर आज आपल्याकडे काय उरलं असतं? दगडावरची सेवा-नोंद पुसता आली नाही म्हणूनच १९२७ साली बाबासाहेब तिथे उभे राहून समाजाला त्याची आठवण देऊ शकले.

आणि नोंद असूनही काय झालं? १८९० च्या दशकात 'लढाऊ जातीं'च्या खुळचट सिद्धान्तावर महारांची भरती बंद झाली. कालपर्यंत लढणारा माणूस एका आदेशाने 'न लढणारा' ठरला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला तेव्हा त्यात आपल्या लोकांच्या जुन्या लष्करी सेवेचाच दाखला होता. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११वी महार पलटण उभी राहिली, गरज संपली तेव्हा मोडली. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आला. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दगडी नोंदीने पलटणीला ओळख दिली!

स्वतंत्र भारतातही लढाईची नोंद चुकीची लिहिली जाते, हे मी म्हणत नाही, न्यायाधिकरणाने म्हटलेलं आहे. कारगिलमध्ये बटालिक भागात ७०व्या ब्रिगेडचं नेतृत्व करणारे ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या कामगिरीचा अहवाल वरिष्ठाने पक्षपाताने लिहिला, असं सशस्त्र दल न्यायाधिकरणाने २०१० साली ठरवलं आणि नोंद दुरुस्त करायला सांगितलं. युद्ध १९९९ चं, निकाल २०१० चा. आता मला सांगा, ब्रिगेडियर हुद्द्याच्या माणसाला अकरा वर्षं लागली, तर मराठवाड्यातल्या हवालदाराच्या विधवेला किती लागतील?

मी ज्या वस्त्यांमध्ये काम करतो तिथे निवृत्त जवान भेटतात. एका आजोबांनी १९७१ साली पूर्वेकडे लढाई पाहिली. त्यांच्या डिस्चार्ज बुकात पूर्वी स्टारची ओळ नाही, आणि नावात वडिलांचं नाव आहे पण आडनाव नाही. एका कार्यालयात आम्ही अर्ज घेऊन गेलो तेव्हा टेबलामागच्या बाबूने विचारलं, "आजोबा, आता या वयात पदक घेऊन काय करणार?" जिल्हा बदलला की हा प्रश्न विचारणारा बदलतो, प्रश्न तोच राहतो. मी त्याला एवढंच म्हटलं की साहेब, ते पदक मागायला आलेले नाहीत, तुमची चूक दुरुस्त करून घ्यायला आलेत.

आपल्याच गोटातले तीन आक्षेप

पहिला आक्षेप डावीकडच्या मित्रांचा: सैन्य हे सत्तेचं हत्यार, त्याच्या पदकांसाठी कशाला भांडता? भांडण पदकासाठी नाहीच. सरकारी कागदावर आपल्याबद्दल खोटं लिहिलं असेल तर ते तसंच राहू द्यायचं का, एवढाच प्रश्न आहे. कामगाराच्या हजेरीपटात चार दिवस कमी लावले तर 'मजुरी ही शोषणच आहे' म्हणून आपण ते चार दिवस सोडून देतो का?

दुसरा आक्षेप धम्माच्या नावाने येतो: आपण बौद्ध, युद्धाचं कौतुक आपल्याला शोभतं का? कौतुक नका करू. पण अष्टांग मार्गात सम्यक वाचा आहे. जे घडलं ते घडलं असं म्हणणं, जे घडलं नाही ते न म्हणणं. खोटी नोंद म्हणजे शासनाच्या तोंडून होणारी मिथ्या वाचा. ती दुरुस्त करून घेणं हे धम्माविरुद्ध कसं?

आणि हीच सम्यक वाचा आपल्यालाही लागू आहे. कोरेगावच्या नावाने फुगवलेले आकडे, 'सगळेच्या सगळे आपलेच होते' असले संदेश पुढे पाठवणं बंद करा. त्या फौजेत इतर समाजांचे शिपाईही होते. आपल्या बाजूला २२ कोरीव नावांचा दगड आहे. त्यावर खोट्याचा रंग दिला की समोरचा खोटं दाखवून खरंही नाकारतो. जो दुसऱ्याच्या नोंदीचा हिशोब मागतो त्याची स्वतःची वही चोख हवी.

तिसरा आक्षेप सगळ्यात थकलेला: एकदा दुरुस्ती झाली की प्रश्न मिटला. मिटत नाही. हेन्री जॉन्सनच्या नावाने २०२३ साली लुइझियानातला मोठा लष्करी तळ ओळखला जाऊ लागला. २०२५ मध्ये ते नाव काढून जुनं 'पोल्क' परत आणलं. व्हिएतनाममध्ये मेडल ऑफ ऑनर मिळवलेले कृष्णवर्णीय अधिकारी चार्ल्स रॉजर्स यांच्यावरचं पान २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकन संरक्षण खात्याच्या संकेतस्थळावरून गायब झालं. लोकांनी ओरड केल्यावर ते परत आलं. पदक मिळाल्यावरही ५०-५५ वर्षांनी नोंदीवर पहारा द्यावा लागतो. पाठ्यपुस्तकांतून धडे कसे गळतात हे पाहणाऱ्या आपल्याला याचं आश्चर्य वाटू नये.

मग करायचं काय

पहिलं: घरातल्या, वस्तीतल्या निवृत्त जवानांचे कागद बघा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, जुनी पत्रं, पलटणीसोबतचा फोटो. फोटोच्या मागे नावं, जागा, साल लिहून घ्या. सगळ्याच्या प्रती करून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. सेंट लुईसच्या आगीचा धडा हाच आहे.

दुसरं: साक्षीदार जिवंत आहेत तोवर त्यांचे जबाब लिहून, सही घेऊन, नोटरी करून ठेवा. १९७१ चा जवान आज सत्तरीच्या पुढे आहे. आपण 'पुढच्या महिन्यात जाऊ' म्हणतो तेव्हा एक पुरावा स्मशानात जातो.

तिसरं: अर्ज लेखी करा. रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत, पोच घेऊन. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार कायदा आहे. नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईत बसतं. तोंडी विनंतीला तोंडी टोलवाटोलवी मिळते. लेखी अर्जाला किमान एक कागद तयार करावा लागतो, आणि तो कागद पुढच्या लढाईत आपला असतो. आपल्यातल्या वकिलांनी महिन्यातला एक रविवार यासाठी दिला तर पुष्कळ काम होईल.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं: एकेकट्याने अर्ज करून थांबू नका, समूहाचा प्रश्न म्हणून मांडा. तालुक्यातल्या दहा जवानांच्या नोंदीत एकसारखी चूक दिसली तर ती दहा माणसांची तक्रार राहत नाही, कार्यालयावरचा आरोप होतो. शॉ विद्यापीठाने जे केलं ते आपल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनीही करावं अशी मागणी आपण करू शकतो: नोंदी उघडा, सामाजिक अंगाने त्यांचा आढावा घ्या, आणि जिथे पान कोरं आहे तिथे ते कोरं का, याचं उत्तर पान ठेवणाऱ्याने द्यावं.

पुढच्या डिसेंबरात कोणी पुन्हा विचारेल, कागद दाखवा. स्तंभावरची २२ नावं त्याला जरूर दाखवा. आणि मग त्यालाच विचारा: जे कागद तुमच्या ताब्यात होते, ते कुठे आहेत?

जय भीम!